बोटीच्या इंजिनाचं पाणी कमी झालं की पंप उघडण्याआधी काय बघायचं

इंजिन तापलं की किनाऱ्यावर पहिला हात पंपाकडे जातो. पंप उघडायचा, नवा इम्पेलर (पंपात फिरणारं रबरी पाकळ्यांचं चाक) घालायचा, चार बोल्ट आवळायचे आणि निघायचं. बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तापमानाची सुई परत वर चढते, कारण दोष पंपात नव्हताच. तो पंपाच्या अलीकडे होता, पाणी जिथून ओढलं जातं तिथे. इम्पेलर झिजतो, तुटतो, हे खरंच आहे. पण पाणी कमी होण्याची बरीच कारणं ओढणाऱ्या बाजूला सापडतात, आणि ती शोधायला एक बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं.

आधी मच्छीमार बोटीतल्या आतल्या डिझेल इंजिनाबद्दल लिहितो, आउटबोर्डकडे (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाकडे) नंतर येऊ.

पाण्याची वाट डोळ्यांसमोर आणा. बोटीच्या तळाला भोक, त्यावर बाहेरून जाळी. आत सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी चालू-बंद करायचा कॉक. तिथून पाइप गाळणीपर्यंत, गाळणीतून पंपाला. पंपातून पुढे गिअरबॉक्सचा ऑइल कूलर, मग हीट एक्स्चेंजर, आणि तिथून बाहेर. ज्या बोटींत एक्झॉस्टचा धूर वर नळकांड्यातून जातो, तिथे हे पाणी बोटीच्या बाजूने वेगळी धार होऊन पडतं. ज्यांत एक्झॉस्ट ओला असतो, तिथे पाणी धुरात मिसळून पाठीमागून बाहेर येतं. हे सगळं खारं पाणी. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये फिरतं ते गोडं पाणी किंवा कूलंट. त्याचा पंप वेगळा, थर्मोस्टॅट वेगळा, टाकी वेगळी. दोन्ही पाणी एक्स्चेंजरमध्ये शेजारून जातात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. काही बोटींना एक्स्चेंजरऐवजी तळाला लावलेले कूलिंग पाइप असतात. त्यांना खाऱ्या पाण्याचा पंपच नसतो, म्हणून खालचं बरंचसं त्यांना लागू नाही. त्यांचं दुखणं बहुतेक वेळा बाहेरून चढलेल्या कालवं-शिंपल्यांचं असतं.

बादलीने मोजमाप

बोट धक्क्याला नीट बांधा, गिअर न्यूट्रलला ठेवा. बाजूच्या धारेखाली १० लिटरची बादली धरायला छोट्या होडीतून एकाने उभं राहावं. इंजिन ८०० आरपीएमवर असताना बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. मग रेस वाढवून १,६०० वर तेच करा. हिशेब सोपा आहे: १० लिटरला ३० सेकंद म्हणजे मिनिटाला २० लिटर, १५ सेकंद म्हणजे ४०. प्रत्येक वेळी तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या. ओल्या एक्झॉस्टला पाणी धुरासोबत उसळत येतं, तिथे मोजताना चेहरा बाजूला ठेवा आणि जास्त वेळ थांबू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

रबरी पाकळ्यांचा पंप दर फेरीला ठरावीक पाणी ढकलतो. म्हणून आरपीएम दुप्पट केले की पाणीही जवळजवळ दुप्पट व्हायला हवं. या एका गुणोत्तरातून बरंच कळतं.

स्लोवर (कमी आरपीएमला) धार ठीक आहे, पण रेस दिल्यावर वाढत नाही: कुठेतरी वाट अरुंद आहे. जाळी, गाळणी, आत दबलेला पाइप किंवा चोंदलेला एक्स्चेंजर. थोडं पाणी जातं, जास्त जात नाही.

स्लोवर धार अगदीच बारीक, रेस दिल्यावर बऱ्यापैकी सुधारते: पंप आतून झिजलाय. पाकळ्या आणि झाकण यांच्यामधल्या फटीतून पाणी मागे सरकतं, आणि पंप सावकाश फिरत असताना ही गळती जास्त जाणवते.

धार तुटक येते, थुंकल्यासारखी, मध्येच हवा: ओढणाऱ्या बाजूने हवा आत शिरतेय.

धार भरपूर, दोन्ही वेगांना गुणोत्तर बरोबर, तरीही इंजिन तापतंय: पंपाला हात लावू नका. दोष गोड्या पाण्यात आहे, एक्स्चेंजरमध्ये साचलेल्या थरात आहे किंवा पंख्यावर (बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरवर) पडणाऱ्या बोजात आहे.

इंजिन नीट चालत असताना हे दोन्ही आकडे घेऊन केबिनच्या भिंतीवर खडूने नव्हे, तर रंगाने लिहून ठेवा. कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा उपयोगी असतो, पण तो नव्या इंजिनाचा, नव्या पाइपांचा असतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये आपल्या किनाऱ्याचं पाणी ३० अंशांच्या आसपास जातं. थंड समुद्रात जेवढं कमी पाणी चालून जातं तेवढं इथे चालत नाही. डिसेंबरमध्ये कशीबशी सांभाळणारी बोट मेमध्ये तापते, त्याचं कारण बहुधा हेच.

ओढणारी बाजू

वाट अर्ध्यात तोडून तपासणं सगळ्यात लवकर होतं. सी-कॉक बंद करा, गाळणीपासून पंपाकडे जाणारा पाइप गाळणीच्या टोकाला सोडवा आणि ते टोक समुद्राच्या पाण्याने भरलेल्या ५०-१०० लिटरच्या पिंपात बुडवा. इंजिन फक्त स्लोवर सुरू करा आणि पिंप आटायच्या आत बंद करा. धार एकदम सुधारली तर दोष गाळणीत किंवा त्याच्या अलीकडे आहे. तशीच राहिली तर तो पाइप, पंप किंवा पुढचं काहीतरी. एवढ्या एका चाचणीने अर्धी बोट उघडायची वाचते.

आता सी-कॉक. इंजिन बंद असताना त्याच्या आतल्या तोंडावरचा पाइप काढा, मापाचं लाकडी बूच हाताशी ठेवा आणि कॉक क्षणभर उघडा. तोंड पाण्याच्या पातळीखाली असतं, त्यामुळे पाणी जोरात उसळायला हवं. झिरपत आलं तर बाहेरच्या जाळीवर शिंपल्या चढल्यात, किंवा प्लॅस्टिकची पिशवी बसलीय. पिशवीचं एक लक्षात ठेवा: इंजिन चालू असताना ती जाळीला चिकटते आणि बंद केल्यावर आपोआप गळून पडते. मग धक्क्यावर आल्यावर सगळं ठीक दिसतं. जाताना तापलं, थांबल्यावर पाच मिनिटांनी बरं झालं, पुन्हा तापलं, असं होत असेल तर आधी पिशवीचाच संशय घ्या. खाडीत बांधलेल्या बोटी ओहोटीला चिखलावर टेकतात, तेव्हा जाळीत गाळ भरतो. टेकलेल्या बोटीचं इंजिन गरम करायला म्हणून सुरू करणं टाळा. तो गाळ थेट एक्स्चेंजरमध्ये जातो.

गाळणी साफ करणं सगळ्यांना माहीत असतं. राहून जातं ते तिचं झाकण. झाकणाखालचं रबर पॅकिंग कडक होतं, चपटं होतं, आणि तिथून हवा शिरते. पाणी मात्र बाहेर गळत नाही, कारण पंप चालू असताना आत ओढ असते. म्हणून कोरडी दिसणारी गाळणीही दोषी असू शकते. पारदर्शक झाकण असेल तर बुडबुडे दिसतात. नसेल तर झाकणाच्या कडेला आणि पाइपांच्या जोडांवर दाढीचा फेस लावा आणि इंजिन चालवा. जिथे फेस आत ओढला जातो तिथे फट आहे. नवं पॅकिंग बसवताना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. क्लिपा दोन-दोन लावा, पण बार्ब (पाइप ज्यावर चढतो ते खाचांचं तोंड) तेवढा लांब असेल तरच. आखूड बार्बवर दुसरी क्लिप पाइपालाच कापते.

पाइप हा लपलेला दोष. ओढणाऱ्या बाजूला आत तारेची स्प्रिंग असलेलाच पाइप हवा. साधा पाइप स्लोवर गोल राहतो आणि रेस दिली की आतल्या ओढीने चपटा होतो. हे बघायला एकाने रेस द्यायची आणि दुसऱ्याने पाइपावर हात ठेवायचा. त्याहून फसवा प्रकार म्हणजे जुन्या पाइपाचं आतलं अस्तर सुटणं. बाहेरून पाइप निरोगी, आत अस्तराचा पापुद्रा झडपेसारखा उघडझाप करतो. पाइप काढून एका टोकाला टॉर्च धरा, दुसऱ्या टोकातून बघा आणि बोट घालून चाचपा.

पंप

इथवर सगळं बरोबर निघालं तरच पंप उघडा. त्याआधी बेल्ट बघा: दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. पुलीजवळ काळी भुकटी पडलेली असेल तर बेल्ट घसरतोय. गिअरवर चालणाऱ्या पंपाला हा प्रश्न नसतो.

झाकण काढल्यावर पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर नुसता नवा इम्पेलर घालून थांबू नका. तुटलेला तुकडा पाण्याबरोबर पुढे गेलाय, बहुतेक ऑइल कूलरच्या किंवा एक्स्चेंजरच्या तोंडाशी बसलाय. तो सापडेपर्यंत शोधा. मागच्या वेळचे तुकडेही तिथेच सापडतात.

पाकळ्या सगळ्या जागेवर असतील तर बुडाशी वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर इम्पेलर संपला. मग मधला पितळी गाभा धरा आणि रबर फिरवून बघा. गाभ्यापासून रबर सुटलं असेल तर इम्पेलर दिसायला नवा, पण शाफ्ट आत फिरत राहतो आणि पाकळ्या जागच्या हलत नाहीत. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतो.

झाकणाच्या आतल्या बाजूवर नख फिरवा. नख अडकेल एवढा खड्डा पडला असेल तर झाकण बदला. काही पंपांचं झाकण उलटून लावता येतं, पण बाहेरच्या बाजूला नाव किंवा आकडे कोरलेले असतील तर तो पृष्ठभाग सपाट नसतो. पंपाच्या घरातल्या (कवचातल्या) कॅमची, म्हणजे पाकळ्या वाकवणाऱ्या उंचवट्याची, धारही तशीच तपासा. झाकणाखालचं कागदी पॅकिंग मूळ जाडीचंच घ्या. जाड कागद कापून बसवला की पाकळ्यांच्या बाजूला फट राहते आणि पंप नीट ओढत नाही. नवा इम्पेलर टाकूनही धार कमी, अशा तक्रारींमागे हे जाड पॅकिंग बऱ्याचदा असतं.

इम्पेलर बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा. साधं ग्रीस किंवा ऑइल निओप्रीन रबराला फुगवतं. पंप ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेने पिळत आत ढकला. पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यातून थेंब पडत असेल तर सील गेलंय. भोक एम-सीलने बुजवू नका. ते भोक खारं पाणी बेअरिंगपर्यंत, आणि गिअरवरच्या पंपात इंजिन ऑइलपर्यंत, पोहोचू नये म्हणूनच ठेवलेलं आहे.

पंपाच्या पुढे

एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण काढा. पाणी जिथून आत येतं त्या बाजूला रबराचे तुकडे, शिंपल्या, झिंकचे गळलेले तुकडे सापडतील. झिंकची पेन्सिल (एक्स्चेंजरच्या धातूऐवजी स्वतः झिजणारी कांडी) निम्मी झाली की बदलायची. पूर्ण संपेपर्यंत ठेवली तर ती तुटून नळ्यांची तोंडं अडवते आणि त्यानंतर खारं पाणी एक्स्चेंजरचाच धातू खायला लागतं. नळ्यांतून नळीपेक्षा बारीक लाकडी काडी किंवा गुळगुळीत गज हलक्या हाताने आरपार घाला. जोर लावून नळी फाडू नका.

आत पांढरा कडक थर असेल तर नळ्यांचा गाभा काढून १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड या प्रमाणात भिजवा. झिंक आणि रबर आधी काढून ठेवा. फेस थांबला की बाहेर काढून गोड्या पाण्याने भरपूर धुवा. बाथरूम धुवायचं ॲसिड लवकर काम करतं म्हणून वापरलं जातं, पण ते ॲल्युमिनियम खातं आणि सोल्डरच्या जोडांनाही सोडत नाही. ते टाळाच.

थर आहे की नाही हे न उघडताही कळतं. इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्स्चेंजरमध्ये शिरणाऱ्या आणि निघणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या पाइपाचं तापमान लोडवर असताना घ्या. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकतं, तिथे काळी टेप चिकटवून त्यावर मोजा. पाणी कमी असेल तर दोन तापमानांतला फरक नेहमीपेक्षा वाढलेला दिसेल. पाणी पुरेसं आहे, फरक नेहमीपेक्षा कमी, तरी कूलंट तापलेलं, असं असेल तर उष्णता नळ्यांच्या भिंतीतून पलीकडे जातच नाहीये. म्हणजे थर.

ओल्या एक्झॉस्टमध्ये पाणी जिथे धुराला मिळतं तो एल्बो काजळी आणि मिठाने आतून बारीक होत जातो. धार कमी, त्याबरोबर काळा धूर आणि ताकदही कमी, ही तिन्ही लक्षणं एकत्र आली तर एल्बो काढून बघा. तो वर्षातून एकदा काढायचाच. पाणी पुरेसं असेल तर एल्बोच्या पुढच्या रबरी पाइपावर हात टेकवता येतो. हात बसत नसेल तर तो पाइप जळायच्या वाटेवर आहे. ओल्या एक्झॉस्टच्या इंजिनाला आणखी एक धोका आहे. डिझेलमधली हवा काढताना किंवा इंजिन लागत नसताना स्टार्टर पुन्हा पुन्हा मारला तर पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी सिलिंडरमध्ये उलटतं. अशा वेळी सी-कॉक बंद करून स्टार्टर मारा आणि इंजिन लागताक्षणी उघडा.

धार भरलेली असून तापतंय

थंड इंजिनावर टाकीतली पातळी बघा. कूलंट फार कमी झालं तर तापमानाचा सेन्सर हवेत राहतो आणि सुई खरं सांगत नाही, कधी कधी चक्क खाली येते. सुई खाली आणि इंजिनाला हात लावता येत नाही, हे सगळ्यात वाईट लक्षण. टाकीच्या झाकणाचं रबर तपासा, कारण दाब टिकला नाही तर कूलंट लवकर उकळतं. थर्मोस्टॅट काढून भांड्यातल्या पाण्यात टांगा आणि गरम करा. त्याच्यावर छापलेल्या अंशाजवळ उघडायला सुरुवात झाली पाहिजे. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची सवय वाईट. इंजिन कधीच नीट गरम होत नाही, काजळी धरतं, आणि काही इंजिनांत पाणी ब्लॉकला वळसा घालून निघून जातं. टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गास्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलंय. पंख्याला जाळ्याची दोरी गुंडाळलीय का, तळाला शिंपल्या चढल्यात का, हेही बघा. बोजा वाढला की निरोगी कूलिंगही कमी पडतं.

आउटबोर्ड

इथे पंप खाली गिअरकेसच्या डोक्यावर असतो आणि वर बारीक धार दाखवणारं भोक असतं. धार थांबली की आधी त्या भोकात तंगूसचा (नायलॉनच्या दोरीचा) जाड तुकडा घाला. मीठ आणि वाळूने तेवढंच बुजलेलं असतं, इंजिन ठणठणीत. पण उलटंही होतं: बऱ्याच आउटबोर्डांत ही धार थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते, म्हणून धार जोरात असली तरी हेडला पाणी मिळतंय याची ती खात्री देत नाही. धार चांगली आणि अलार्म वाजतो, तर थर्मोस्टॅट बघा. मिठाने तो बंद अवस्थेत चिकटतो.

खालचा भाग उतरवून इम्पेलर बदलताना पूर्ण किट घाला: इम्पेलर, कप, खालची स्टीलची चकती, पॅकिंगं आणि इम्पेलरला शाफ्टशी पकडून ठेवणारी चावी. कपावर रेषा पडल्या असतील तर नुसत्या नव्या इम्पेलरने काम होत नाही. पंपाचं घर खाली दाबताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या दिशेने फिरवा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा, वरच्या सपाट टोकाला नको. तिथे ग्रीस अडकून शाफ्ट पूर्ण बसत नाही. सगळ्यात जास्त चुकतं ते पाण्याच्या उभ्या नळीचं. तिचं टोक पंपाच्या रबरी बुशमध्ये शिरलं नाही तर पाणी इंजिनाच्या पायाच्या आतच सांडतं आणि नव्या किटनंतरही धार येत नाही. जोडताना टॉर्च घेऊन बघा. चाचणीला पिंप वापरलं तर पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्याही वर हवं. कोरडं इंजिन "फक्त लागतंय का बघू" म्हणून सुरू करू नका, रबर काही सेकंदांतच घासायला लागतं.

बंदीचे दोन महिने

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि या काळात इम्पेलर एकाच जागी दबून राहतो. पाकळ्या वाकलेल्या आकारातच कडक होतात आणि ऑगस्टच्या पहिल्याच फेरीत तुटतात. बोट वर ओढल्यावर खाऱ्या पाण्याची बाजू गोड्या पाण्याने १०-१५ मिनिटं धुवा, इम्पेलर काढून पिशवीत घालून सावलीत ठेवा आणि स्टार्टरच्या चावीला चिठ्ठी बांधा की पंप रिकामा आहे. तळ साफ करताना जाळी काढून आतलं भोकही खरवडा. बाहेरून रंगवलेली जाळी स्वच्छ दिसते आणि आत दोन इंच शिंपल्या असतात. रंगाचा थर जाळीच्या भोकांत बसू देऊ नका.

समुद्रात अलार्म वाजला तर लगेच रेस कमी करून न्यूट्रलला या आणि धार बघा. धार अजिबात नसेल तर इंजिन ताबडतोब बंद करा आणि नांगर टाका. थोडी येत असेल तर स्लोवर चालू ठेवा, फिरत्या पाण्याने हेड हळूहळू निवतं. गरम टाकीचं झाकण उघडू नका, वाफ आणि उकळतं कूलंट तोंडावर येतं. तापलेल्या ब्लॉकवर किंवा टाकीत थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. झाकणावर उघडा हात टेकवता येईल एवढं थंड होईपर्यंत थांबा, तोवर गाळणी उघडा. बोटीवर एक इम्पेलर, पंपाच्या झाकणाचं मूळ जाडीचं पॅकिंग, गाळणीचं रबर, एक बेल्ट, चार क्लिपा, हातभर स्प्रिंगचा पाइप आणि सी-कॉकच्या मापाचं लाकडी बूच एवढं ठेवा. ते बूच कॉकलाच दोरीने बांधून ठेवा.